बोअर मारायच्या आधी दोरी सोडा

कोल्हापुरात बदली होऊन किंवा फ्लॅट घेऊन नव्यानं आलेल्या माणसाला 'इथं उन्हाळ्यात पाण्याची अडचण होते' असं सांगितलं की तो हसतो. हसणारच. त्यानं टीव्हीवर शाहूपुरीत होड्या फिरताना बघितलेल्या असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ साली त्याहूनही वर, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. मग एप्रिल उजाडतो. अपार्टमेंटचा बोअर आधी हवा ओकतो, मग गढूळ पाणी टाकतो, मग नुसता मोटरीचा आवाज येत राहतो. आणि हसणारा माणूस शेजारच्या काकूंकडं टँकरवाल्याचा नंबर मागायला जातो.

हा लेख अशा नव्या माणसासाठी. मी भूजलतज्ज्ञ नाही. मंगळवार पेठेच्या कडेला बारा फ्लॅटच्या एका इमारतीचा सेक्रेटरी म्हणून बरीच वर्षं पाण्याची कटकट डोक्यावर घेतलेला माणूस आहे. त्यात एक मोठी चूक माझ्याच सहीनं झाली, ती पुढं सांगतो. माझं म्हणणं एवढंच की इथं लोक आधी खोदतात आणि मग मोजतात. तुम्ही उलटं करा.

पायाखाली काय आहे

कोल्हापूर दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलंय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि थिजला, तोच हा खडक. वर माती, मातीखाली मुरूम, मुरमाखाली भेगाळलेला खडक आणि त्याखाली अखंड काळा दगड, असा सर्वसाधारण क्रम असतो. मधेच एखादा जाळीदार, बारीक छिद्रांचा थर लागतो, कुठं दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा.

वाळूच्या ढिगावर बादली ओतली तर पाणी सगळीकडं मुरतं. शहाबादी फरशीवर ओतली तर फक्त सांध्यांत शिरतं. आपण फरशीवर राहतो. म्हणून तर वीस फुटांवरच्या दोन बोअरपैकी एकाला दणकून पाणी लागतं आणि दुसऱ्यातून नुसता फुफाटा उडतो. बोअर सांध्यात गेला तर नशीब, नाहीतर दगडाला भोक.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. मुरूम आणि वरचा भेगाळ खडक यांतलं पाणी दर पावसाळ्यात भरतं आणि दिवाळीनंतर हळूहळू ओढ्या-नाल्यांकडं, नदीकडं निघून जातं. हे आपलं चालू खातं. खोल भेगांत जे पाणी सापडतं ते तिथं फार सावकाश पोचलेलं असतं. ते उपसणं म्हणजे ठेव मोडणं. 'तीनशे फुटांवर लागलं, आता काळजी नाही' असं जो म्हणतो त्यानं ठेव मोडलेली असते आणि पासबुक बघितलेलं नसतं.

तुमचं घर कुठल्या अंगाला आहे ते बघा

सगळ्या कोल्हापूरला एकच सल्ला लागू पडत नाही. दुधाळी, शाहूपुरी, नागाळा पार्क, कसबा बावड्याची नदीकडची बाजू, जयंती नाल्याच्या दोन्ही कडा हा सखल भाग. इथं पावसाळ्यात जमिनीतलं पाणी तसंही वरपर्यंत आलेलं असतं. आणखी जिरवायला जागाच नसते. पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, नदी अडते, आणि काठच्या विहिरींना पाझर मिळत राहतो. ज्याला सगळा महाराष्ट्र 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतो त्याचा हा दुसरा उपयोग. शेतकऱ्याला तो चांगला ठाऊक असतो, शहरातल्या माणसाच्या गावी नसतो.

दक्षिणेकडं चढावर, कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर इकडं, उलटी परिस्थिती. पावसाचं पाणी उतारानं धावत सुटतं, मुरायला उसंतच मिळत नाही. मातीचा थर पातळ, खडक लगेच. इथं पाणी जिरवण्याचा खरा उपयोग होतो आणि इथंच सगळ्यात जास्त काँक्रीट ओतलं जातंय.

तिसरा भाग म्हणजे जुन्या पेठा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ इथल्या जुन्या वाड्यांतून आड असायचे, आणि त्या आडांना पाणी पुरवणारी तळी शहराच्या पोटातच होती. कपिलतीर्थ हे तळं होतं, आज तिथं आपण भाजी घेतो. वरुणतीर्थ आज गांधी मैदान आहे. गांधी मैदानात जोराच्या पावसानंतर पाणी साचतं म्हणून लोक ओरडतात. मला दर वेळी वाटतं, तळ्याच्या जागी पाणी साचलं तर ओरडायचं कुणाच्या नावानं? अंबाबाईच्या देवळातलं मणिकर्णिका कुंडही बुजवलेलं होतं. अलीकडं ते उकरून मोकळं केलं.

म्हणून नव्या माणसाला पहिलं काम देतो, पैसे लागत नाहीत. गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडं जाऊन बसा. आपल्या जागेवर आधी काय होतं ते विचारा. शेत होतं, ओढा होता, खण होती की तळं? 'खण' म्हणजे दगड काढून झालेला खड्डा, रंकाळ्याजवळची इराणी खण ऐकली असेल. आजूबाजूला आड कुठं होते, कुठल्या आडाला मे महिन्यातही पाणी असायचं, हेही विचारा. कुठल्याही यंत्रानं निघणार नाही अशी माहिती चहाच्या कपावर मिळते.

नळाचं पाणी असताना ही उठाठेव का?

हा प्रश्न हल्ली जास्त ऐकू येतो, आणि तो चुकीचा नाही. शहराला पूर्वीपासून बालिंगा, शिंगणापूर इथून नदीचं पाणी उचलून दिलं जायचं. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइननं पाणी आलं. पन्नास किलोमीटरहून लांब पाइपलाइन आहे. तिच्या आधी कित्येक वर्षं आंदोलनं झाली. पाणी चांगलं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण पंप, वीज आणि पाइप या तिन्ही गोष्टी एका वेळी धड असाव्या लागतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीवरची उपसा केंद्रंच पाण्यात गेली. चहूकडं पाणी, आणि शहरात टँकर. तेव्हा ज्यांचे बोअर आणि आड शाबूत होते त्यांनी गल्ली जगवली.

तेव्हा बोअरकडं राखीव साठा म्हणून बघा. रोजची गाडी धुवायला, पार्किंग झाडण्याऐवजी पाइपनं हाणायला तो नाही.

दोरी सोडा

आता मुख्य काम. बोअरमध्ये पाणी किती फुटांवर आहे हे तुम्हाला माहीत आहे का? आमच्या इमारतीत अकरा वर्षं कुणाला माहीत नव्हतं. बोअर किती खोल आहे, मोटर किती फुटांवर सोडली आहे, हेही 'मिस्त्रीला माहीत असेल' या खात्यात जमा. आणि मिस्त्री कधीच बदललेला.

साधन घरी होतं. पाऊण इंची जीआय पाइपचा चार-पाच इंचांचा तुकडा घ्या. वरचं तोंड टोपण लावून बंद करा, खालचं उघडं ठेवा. टोपणाला न ताणणारी बारीक दोरी पक्की बांधा आणि तिला दर पाच फुटांवर गाठ मारा, पन्नासाव्या फुटावर रंगीत चिंधी. बोअरच्या झाकणाला जी मोकळी भोकं असतात त्यातून तुकडा खाली सोडा. नळीचं उघडं तोंड पाण्याला लागलं की 'डुब्' असा आवाज येतो. दोन-तीनदा वर-खाली करा, आवाज त्याच गाठीला आला पाहिजे. मग गाठी मोजा.

काळजी एवढीच की मोटर निदान दोन तास आधी बंद ठेवा, नाहीतर तुम्ही जी मोजाल ती उपसा चालू असतानाची पातळी. सकाळी, टाकी भरायच्या आधी, उत्तम. आणि पातळीच्या फार खाली दोरी सोडू नका. मोटरीची केबल आणि पाइप खाली असतात, त्यात दोरी अडकली तर मोटर बाहेर काढण्याचा खर्च तुमच्या डोक्यावर. झाकणाला भोकच नसेल तर मिस्त्रीकडून पुढच्या दुरुस्तीच्या वेळी एक बारीक पाइप कायमचा आत सोडून घ्या. त्यातून दोरी निर्धास्त जाते.

आकडा वहीत लिहा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्यांच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तेवढं तरी करा. ऑक्टोबर आणि मे यांतला फरक म्हणजे तुमचा वर्षाचा उपसा आणि निचरा. ऑक्टोबरचाच आकडा दरसाल खाली जाताना दिसला, तर पावसाळा तुमचं खातं भरून देत नाही, असं समजा.

जोडीला बोअर किती पाणी देतो तेही मोजा. दोनशे लिटरचा पिंप आणि मोबाइलमधलं घड्याळ. पिंप चार मिनिटांत भरला तर तासाला तीन हजार लिटर. हेच मोटर सलग दीड-दोन तास चालवून पुन्हा करा. पहिल्या पाच मिनिटांचा आकडा सगळेच सांगतात, दोन तासांनंतरचा आकडा खरा.

आमची चूक

एका एप्रिलमध्ये आमचा बोअर बसला. मीटिंग झाली, अर्ध्या तासात 'दुसरा मारू' असं ठरलं. कुणी दोरी सोडली नाही, कुणाला सुचलंही नाही. पाणाड्या आला, तळहातावर नारळ आडवा धरून फिरला, पार्किंगच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. रात्री रिग, म्हणजे बोअर खोदायचं यंत्र, लागली. दीडशे फुटांवर थोडी ओल, दोनशेला काही नाही. रिगवाला म्हणाला, "अजून शंभर मारूया की साहेब, लागतंय बघा." फुटाला दर होता, तो असंच म्हणणार. तीनशे वीस फुटांवर पाणी लागलं, टाळ्या पडल्या, पेढे वाटले.

केसिंग, म्हणजे वरचा सैल थर बोअरमध्ये ढासळू नये म्हणून घालायचा पाइप, आम्ही वीस फूटच घातला होता. मुरूम त्याच्या बराच खाली जात होता, रिगवाल्यानं सांगितलंही होतं, पण दर फुटामागं पैसे वाचत होते. सही माझी.

शेजारी एक जुनं कौलारू घर आहे. तिथल्या आजोबांच्या परसात आड, पस्तीसेक फूट खोल, रहाट अजून शाबूत. मे महिन्यात आजोबा आमच्या गेटवर आले. भांडायला आले असतील असं वाटलं. ते म्हणाले, "तुमची मोटर लागली की माझ्या आडाची दोरी लांबते बघा." आणि मला हाताला धरून परसात घेऊन गेले. स्वयंपाकघराच्या दाराआड कॅलेंडर टांगलेलं, त्यावर दर अमावास्येला पेन्सिलीनं आकडा: सात हात, आठ हात, साडेआठ. त्या महिन्यात चौदा. तीस वर्षांची कॅलेंडरं त्यांनी सुतळीत बांधून माळ्यावर ठेवली होती.

मग आम्ही दोघं आमच्या बोअरपाशी गेलो. मोटर बंद होती. त्यांनी झाकणाला कान लावला आणि मलाही लावायला सांगितलं. आत पाणी गळत होतं, टपटप नव्हे, बारीक धार पडल्यासारखं. केसिंग संपतं तिथून खालच्या उघड्या मुरमातलं, म्हणजे आजोबांच्या आडाचं आणि गल्लीतल्या सगळ्यांचं उथळ पाणी, आमच्या भोकातून तीनशे फूट खाली जात होतं. मोटर बंद असतानाही.

ते भोक नंतर दुरुस्त करायला जो खर्च आला त्यात तेव्हा शंभर फूट केसिंग बसलं असतं.

मारायचाच असेल तर

कधी कधी खरंच गरज असते. तेव्हा एवढं पाळा.

मुरूम आणि सैल खडक जिथं संपतो तिथपर्यंत केसिंग न्या आणि पक्क्या खडकात ते दोन-चार फूट रुतवा. केसिंगच्या बाहेरची फट वरून सिमेंटनं बंद करा, नाहीतर गटाराचं पाणी त्याच वाटेनं आत जातं. किती फुटांवर काय लागलं, मुरूम, तांबडा थर, जाळीदार दगड, पाण्याची ओल, हे रिग चालू असताना शेजारी उभं राहून लिहून घ्या. हा कागद पुढं पन्नास वर्षं उपयोगी पडतो आणि नंतर कुठल्याही किमतीला मिळत नाही.

'दोन इंची पाणी लागलं' असं सांगतात ते नीट समजून घ्या. हा पाइपचा व्यास नव्हे. काटकोनी खाचेच्या पट्टीवरून पाणी जाऊ देऊन त्याची उंची इंचांत मोजायची, ही त्यामागची मूळ पद्धत. त्या खाचेत एक इंच म्हणजे तासाला जेमतेम पाचशे लिटर. दोन इंच म्हणजे त्याच्या दुप्पट नव्हे, साडेपाच पट. त्यामुळं नजरेनं 'दीड-दोन इंची असंल' म्हणणाऱ्याचा अंदाज केवढा चुकू शकतो बघा. आणि तेही कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवलेलं पाणी. पिंप लावून मोजल्याशिवाय मोटर विकत घेऊ नका. गरजेपेक्षा मोठी मोटर बोअर रिकामा करते, कोरडी चालते आणि जळते.

महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा आहे, तो २०१४ पासून लागू झाला. ६० मीटर, म्हणजे साधारण दोनशे फूट किंवा त्याहून खोल गेलं की कायद्याच्या भाषेत ती 'खोल विहीर' होते. रिगवाल्यांच्या नोंदणीची तरतूदही त्यात आहे. तेव्हा रिगवाल्याकडं नोंदणीचा कागद मागा, आणि महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत परवानगीची चौकशी आधी करा. रात्री गुपचूप रिग लावायची पद्धत आहे. आमचीही होती. ती चांगली नव्हती.

नारळवाल्याबद्दल विचाराल तर त्याच्यावर माझा राग नाही. भागाची माहिती त्याला असते. पण त्याच्या नारळापेक्षा आजूबाजूच्या दहा बोअरची खोली आणि पाणी लिहिलेला कागद मला जास्त भरवशाचा वाटतो.

पाऊस जिरवायचा हिशोब

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर छतावर पडला की एक लिटर पाणी. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचा हिशोब तोंडी होतो. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस धरा (गगनबावड्याचा धरू नका, तिथं त्याच्या पाचपट पडतो). आमची गच्ची तीन हजार चौरस फूट, म्हणजे २७९ चौरस मीटर. वीस टक्के वाया गेला धरला तरी सव्वादोन लाख लिटरच्या आसपास.

ऐकायला दणदणीत वाटतं. आता दुसरी बाजू. शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी दिवसाला १३५ लिटर. बारा घरं, घरटी चार माणसं धरली तर दिवसाला ६,४८० लिटर. म्हणजे सगळ्या गच्चीचा सगळा पाऊस साधारण चौतीस दिवसांचा. 'जलपुनर्भरण करा आणि पाण्याची चिंता विसरा' अशी पाटी दिसली तर तिच्याकडं दुर्लक्ष करा. चिंता मिटत नाही. महिना-सव्वा महिन्याची सोय होते, आणि कोल्हापुरात तो महिना नेमका मे असतो.

पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनं ही व्यवस्था सक्तीची केली आहे. नवीन फ्लॅट घेतलाय तर बिल्डरला खड्डा दाखवायला सांगा. नकाशात दाखवून नका घेऊ, पार्किंगमध्ये उभं राहून घ्या. झाकण उघडायला लावा. आत कधी कधी विटांचे तुकडे आणि सिमेंटची पोती असतात.

करायची रीत अशी. गच्चीवरचे सगळे पाइप खाली एका ठिकाणी आणा. तिथं एक झडप ठेवा. मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी गटारात सोडायचं, कारण त्यात वर्षभराची धूळ, कबुतरांची घाण आणि सुकलेला पाला असतो. मग झडप फिरवायची. हे काम एका माणसाच्या नावावर लावा, 'कुणीतरी करेल' म्हणाल तर ऑगस्टपर्यंत पाणी गटारातच जाईल. पुढं गाळणी: खाली मोठे दगड, त्यावर खडी, वर जाड वाळू. मधे नायलॉनची जाळी घातली की वाळू खाली उतरत नाही. वाळूचा वरचा थर दरसाल मे महिन्यात काढून धुवायचा.

गाळलेलं पाणी कुठं सोडायचं, हा खरा प्रश्न. आधी साठवणीच्या टाकीत घ्या. पावसाळ्यात वापराचं पाणी तिथूनच चालतं आणि बोअरला चार महिने विश्रांती मिळते. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तो कुणी करत नाही. टाकी भरून वाहू लागली की शोषखड्ड्यात. खड्डा सहा फूट रुंद, आठ-दहा फूट खोल, मुरूम लागेपर्यंत. इमारतीच्या पायापासून निदान पंधरा फूट लांब, आणि सेप्टिक टँकपासून त्याहून पुष्कळ लांब. खणल्यावर त्यात एक टँकर ओतून बघा. तासाभरात पाणी दिसेनासं झालं तर जागा चांगली, दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं तर खड्ड्याची जागा बदला. थेट बोअरमध्ये पाणी सोडणं शेवटी, आणि गाळणी चोख असेल तरच. बोअरमध्ये एकदा घाण गेली तर ती काढायला हात पोचत नाही.

सखल भागात राहत असाल तर शोषखड्ड्याच्या नादाला लागू नका. तिथं टाकी मोठी करा, आणि पुराचं पाणी तिच्यापर्यंत पोचणार नाही एवढ्या उंचीवर ती ठेवा.

आड असेल तर तुम्ही भाग्यवान

घरात किंवा आवारात आड बुजवलेला, स्लॅब टाकून झाकलेला सापडला तर बिल्डरला विकायच्या आधी विचार करा. आडाचा साठा डोळ्यांना दिसतो, पातळी मोजायला कसरत लागत नाही, आणि गच्चीचं गाळलेलं पाणी त्यात सोडणं सोपं असतं.

पण साफ करताना जिवाला जपा. बंद आडात प्राणवायू कमी असतो, विषारी वायू साचलेला असतो. दिवा सोडून बघायची जुनी रीत आहे, तिच्यावर विसंबू नका, सगळे वायू दिव्याला कळत नाहीत. माणूस उतरवायचाच असेल तर वायू तपासून, आत सतत हवा सोडून, कमरेला दोर आणि वर दोन माणसं ठेवूनच उतरवा. डिझेलचं इंजिन आडात उतरवून चालवणं म्हणजे आत्महत्या आहे. आणि एक माणूस आत कोसळला तर त्याच्या मागोमाग दुसऱ्यानं उडी टाकायची नाही, अग्निशामक दलाला बोलवायचं.

गळती, तपासणी, शेजार

हे थोडक्यात. फ्लशच्या टाकीत कपड्यांची नीळ चिमूटभर टाका आणि पंधरा मिनिटं कुणाला जाऊ देऊ नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर झडप गळतेय. आमच्या बारा घरांत पाच ठिकाणी निळं झालं. गच्चीवरच्या टाकीला रात्री अकरा वाजता खडूची खूण करा, पहाटे पाचला बघा. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला चालतं, झाडांना मात्र रोज नको, क्षार जास्त असतात.

बोअरचं पाणी प्यायचं असेल तर वर्षातून दोनदा तपासून घ्या, पावसाळ्यानंतर आणि मेमध्ये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट ४५ च्या वर नको. जुन्या पेठांत, जिथं गटारं आणि बोअर हातभर अंतरावर आहेत, तिथं नायट्रेट आणि जंतू यांची तपासणी टाळू नका. बादलीला पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, म्हणजे पाणी जड आहे. त्यानं आजार होईलच असं नाही, पण गिझर लवकर जाईल.

शेजाऱ्यांशी बोलणं सगळ्यात अवघड. आम्ही गल्लीतल्या सहा इमारतींचं एक साधं ठरवून घेतलंय: मार्च ते जून बोअरची मोटर सकाळी दोन तास, आणि सगळ्यांनी एकाच वेळी लावायची नाही. दोन इमारती पाळत नाहीत. चार पाळतात. वॉचमनच्या खोलीत खिळ्याला वही अडकवलीय, त्यात तारीख, दोरीच्या गाठी, मोटर किती वाजता लागली आणि कधी बंद झाली, एवढेच चार रकाने.

भोक दुरुस्त करून, शोषखड्डा घालून दुसरा पावसाळा गेला तेव्हा आजोबांनी ऑक्टोबरच्या अमावास्येला मला हाक मारली. रहाट मीच फिरवला. दोरी सात हातांवर ओली झाली. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, कॅलेंडरवर सात लिहिलं, आणि शेजारी माझ्याकडून आमच्या बोअरच्या गाठी विचारून तोही आकडा लिहिला. या मेमध्ये किती भरेल यावर आमची पैज लागलीय. मी बारा म्हणालोय, ते अकरा.